सहा मिनिटांत किती चालणार?

बेळगावात आमच्या कट्ट्यावर काल पेपरातल्या एका बातमीवरून पेटलं. फुफ्फुसाच्या रोग्यांत ज्याच्याकडं पैसा कमी त्याचा चालण्याचा दमही कमी, एवढं वाचून होतंय तोवर अण्णा सुरू! टिळकवाडीचे, बँकेतून रिटायर, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. "फुफ्फुसाला पगार कळतोय काय रे? पहाटे उठायचं, चालायचं. मनावर असतंय सगळं!"

गणपा उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला होता. वाळूच्या धुळीनं छाती गेली. एक वाक्य बोलतो, थांबतो, श्वास घेतो, मग दुसरं.

"माझी टेस्ट झाली. तीस मीटरचा पॅसेज, सहा मिनिटं, जमेल तेवढं चाल म्हणाले." थांबला. "दुसरा एकजण होता. नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजतात, तो आकडा त्याचा आन् माझा सारखाच. तरी गेला की माझ्या पुढं."

"बघ! जिद्द!"

"जिद्द न्हवे अण्णा, अंडी. रोजची. आन् दुपारी पडायला पंखा. आमच्यात सिलिंडर संपला की परत चुलीचा धूर."

मला राहवेना. या रोग्यांना सहा-आठ आठवडे व्यायाम शिकवतात, आठवड्यातनं दोनदा तरी. फुंकायचा आकडा त्यानं फारसा हलत नाही, तरी माणूस जास्त चालतो, कारण पायांत बळ येतं. त्या सहा मिनिटांत तीस मीटर जास्त चालला तरी डॉक्टर त्याला खरी सुधारणा धरतात. मग त्या पायांना खायला काय मिळतं, विसावा मिळतो का, हे कुणी विचारायचं?

"दोनदा जायचं म्हणजे दोन हजेऱ्या बुडाल्या," गणपा म्हणाला. "वर बसचं तिकीट. बायकोला बस फुकट, पण दम माझा गेलाय."

बस म्हटल्यावर परशानं नेहमीप्रमाणे गाडी कन्नड पाट्यांवर नेली, तिथनं बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून एक नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीवर. तेवढ्यात त्याला आठवलं, "अण्णा, फेरीत तुम्ही तर पहिल्याच चढाला उतरून चहाच्या गाड्यावर बसायचा! तेव्हा कुठं गेलती जिद्द?"

"चेन पडली होती सायकलची!"

"दरवर्षी?" गणपानं विचारलं. एकच शब्द, न थांबता.

कट्टा असा हसला की पलीकडचा पानवाला बघायला आला. अण्णा घड्याळ चाचपत राहिले, आणि चहाचं बिल आम्ही एकमतानं त्यांच्यावर टाकलं.