नवरात्रात गोंधळी मोकळा सापडतो का?

काल गावच्या संगीत महोत्सवाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. तारखा वाचल्या आणि जीव तुटला. ऐन नवरात्र! वर मोठ्या अक्षरांत ‘लोककला संध्या’ही छापलीय. अहो, त्या नऊ दिवसांत मराठवाड्यातला गोंधळी रिकामा असतो का? त्याला घरोघरची बोलावणी असतात, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांचे मेळे तुळजापूरच्या वाटेला लागलेले असतात. मग मंचावर कोण येणार? बाहेरून आणलेला नाचाचा ग्रुप, आणि संबळ वाजणार पेन ड्राइव्हवरून.

मला रेडिओचं काम शिकवणाऱ्या सरांच्या हातात असतं तर ही तारीख पडलीच नसती. त्यांनी बारा वर्षं हा महोत्सव हुरड्याच्या दिवसांत भरवला. पेरण्या उरकलेल्या, ज्वारीची काढणी अजून लांब, हवा गार. कलाकारही मोकळा आणि ऐकणाराही. दोन वर्षांपूर्वी समितीने शाल-श्रीफळ देऊन त्यांना बाजूला केलं. ‘आता जरा प्रोफेशनल करू’ म्हणाले. तेव्हा मी गप्प बसले, ते आज मला बोचतंय.

माझं नाव लिहू नकोस, असं सरांनी बजावलंय, म्हणून फक्त सर.

मराठवाड्याला रेडिओ तसा जुना. निजामाच्या राज्यातच औरंगाबादला केंद्र होतं, १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आलं, पुढे बंदही पडलं. मग १९६८ साली परभणी केंद्र सुरू झालं आणि १३०५ किलोहर्ट्झवर पाथरी, मानवत, जिंतूर, गंगाखेड ही आपली नावं घराघरांत ऐकू येऊ लागली. फर्माइशीच्या पोस्टकार्डावर आपल्या गावाचं नाव वाचलं जावं म्हणून माणसं रेडिओला कान लावून बसायची. सर त्यातलेच एक. पुढे ते स्वतः माइकसमोर बसले, नैमित्तिक उद्घोषक म्हणून. महिन्याला मोजक्या ड्यूट्या, तेवढ्याचंच मानधन, उरलेले दिवस शिकवण्या. आयुष्यभर ‘नैमित्तिक’च राहिले. पण ड्यूटी नसलेल्या दिवशी हा माणूस एसटीने जत्रा, उरूस, सप्ते फिरायचा. परभणीच्या उरुसातली कव्वाली संपेपर्यंत ऐकायची आणि पहाटेच्या गाडीने परतायचं, हे दरवर्षी ठरलेलं.

मी १९९९ला त्यांच्या हाताखाली शिकले. एक दिवस विसरूच शकत नाही. एक म्हातारा हलगीवाला रेकॉर्डिंगला आला होता. स्टुडिओत एसी. दहा मिनिटांत कातडं गार पडून सैल झालं, हलगी भद्द वाजायला लागली. बाबा म्हणाले, “सायब, हिला जाळ दावावा लागतो. त्याबिगर ती बोलत न्हाई.” आम्ही सगळे गोंधळलो. सर उठले, बाबांना इमारतीच्या मागे घेऊन गेले, वाळलं गवत-काटक्या गोळा केल्या आणि स्वतः उकिडवं बसून जाळ केला. बाबा हलगी फिरवत शेकत होते, मधून बोटाने टिचकी मारून बघत होते. आवाज कडक झाला तसे दोघं पळत आत आले. एका दमात सात मिनिटं रेकॉर्ड झाली. पुन्हा जाळ, पुन्हा सात मिनिटं. दुपार गेली त्यात.

हे कुठल्या मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये शिकवतात?

परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारखा गोंधळी द्रौपदी-कर्णाच्या कथेचं जांभूळ आख्यान लावायचा, ते रात्र-रात्र रंगायचं. तो ऐवज अर्ध्या तासात बसवायचा म्हणजे जीवावर यायचं. सर म्हणायचे, रेडिओत वेळ घड्याळाची असते, महोत्सवात कलाकाराची असली पाहिजे. म्हणून त्यांच्या महोत्सवात गोंधळ शेवटी असायचा, मागून कुणाला घाई नाही. पाहुण्यांची भाषणं? दहा मिनिटांत आटोपायची, मग ते कुणीही असोत. समितीला खरा राग त्याचाच होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्यांच्या वह्या! अकरा वह्या आहेत. कोण, कुठल्या गावचा, काय वाजवतो, साथीला कोण, कधी मोकळा. शेरे असे : ‘मृगात येत नाही, पेरणी.’ ‘घशाला गार पाणी नको, चहा द्यावा.’ ‘मानधन आधी द्यावं, परतीचं भाडं नसतं.’ समितीने या वह्या एकदाही मागितल्या नाहीत. लाखोंचं कंत्राट दिलं, अकरा वह्या उघडल्या नाहीत.

समितीतले बरेच जण माझ्या मित्रयादीत आहेत, म्हणून जाहीर लिहितेय : तारीख बदला. अजून वेळ आहे. महोत्सव पुन्हा हुरड्यात न्या आणि कार्यक्रम ठरवताना सरांना बोलवा. मानाची खुर्ची नको, त्यांना यादी करू द्या.

परवा त्यांच्याकडे गेले होते. सातव्या वहीत हलगीवाल्या बाबांचं पान निघालं. खाली नंतर कधीतरी वेगळ्या शाईने लिहिलंय : ‘वारले. मुलगा वाजवतो. ऐकायला जायचं राहिलं.’

येत्या रविवारी आम्ही दोघं जातोय.