सहा हमाल, एक तोलाईदार

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. हळकुंड कटकन मोडलं तर वाळलेलं, चिवटपणे वाकलं तर ओलं, आणि आतला रंग बघितला की राजापुरी का सेलम हे सांगायला मला चष्मा लागत नाही. तीस वर्षांत मला मालात कुणी फसवलं नाही आणि सौद्याआधी माझ्या तोंडून भाव कुणाला काढता आला नाही. ही फुशारकी आधीच मारून घेतो, कारण पुढं संधी मिळणार नाही. गेल्या महिन्यात मी चिरंजिवांसाठी कॉम्प्युटर घेतला.

चिरंजिवांना गेम खेळायचा होता. इथवर ठीक. पण खेळताना तो जगाला लाईव्ह दाखवायचाही होता.

"कोण बघणार?"

"बघतात, अण्णा. हजारो लोक बघतात."

आम्ही लहानपणी थोरल्यांच्या पत्त्यांच्या डावामागं उभं राहून बघायचो तर कानफटात बसायची. असो. पहिली मागणी दोन कॉम्प्युटरची होती. एकावर खेळायचं, दुसऱ्यावरून प्रक्षेपण करायचं, मध्ये कॅप्चर कार्ड नावाची डबी. मी म्हटलं, एकात बसव, नाहीतर पत्त्यांचा कॅट आणून देतो. त्यावर पोरगं इतक्या पटकन 'एकात' म्हणालं की, दोनचा आकडा मुळात घासाघीस करण्यापुरताच लावला होता हे माझ्या ध्यानात आलं. रक्त शेवटी अडत्याचंच.

दुकानातल्या कोटेशनात पंधरा ओळी होत्या आणि तळाशी दीड लाखाच्या वरचा आकडा. त्यातल्या मला कळल्या तीन: माऊस, कीबोर्ड आणि जीएसटी. पंख्यांत रंगीत दिवे होते. "दिव्यांनी वेग वाढतो का?" असं विचारल्यावर दुकानदारानं माझ्याकडं बघितलं नाही, पोराकडं बघितलं. पॉवर सप्लाय ६५० वॅटचा. आमच्या घरचा मिक्सर ५०० वॅटचा आहे आणि तो चटणीपुरता दोन मिनिटं चालतो, तर हा रात्रभर चालल्यावर बिल काय येईल या विचारानं मी खुर्चीत बसलो. पोरानं समजावलं, ६५० ही ताकद आहे, खर्च नव्हे. मशीनला लागेल तेवढीच वीज ओढली जाते. दहा टनांच्या ट्रकमध्ये चार पोती घातली म्हणून भाडं दहा टनांचं लागत नाही. (आमच्याकडं लागतं, पण ते जाऊ दे.)

रात्री जेवताना मी विचारलं, "हे कोअर म्हणजे काय रे?"

पोरगं थोडं थांबलं आणि म्हणालं, "हमाल."

आता कसं! प्रोसेसरमध्ये सहा कोअर म्हणजे सहा हमाल. बारा थ्रेड म्हणजे एकेक हमाल एकाच वेळी दोन कामांना हात घालणार. गेम चालवणं म्हणजे ट्रक उतरवणं, त्यात ते गुंतलेले. आता लाईव्ह दाखवायचं तर सेकंदाला ६० चित्रं, मिनिटाला ३,६०० चित्रं बाहेर पाठवायची. ती आहेत तशी कच्ची पाठवायची तर सेकंदाला तीनशे सत्तर एमबी भरतात, आणि आपल्या वायरीतून जेमतेम पाऊण एमबी जाणार. म्हणजे जवळजवळ पाचशे पोत्यांचा माल दाबून एका पोत्यात भरायचा. हेही काम त्याच हमालांना सांगितलं तर ट्रक निम्मा उतरवून ते पोती दाबायला पळणार आणि इकडं गेम अडखळणार.

"मग काट्यावर वजन करणारा तोलाईदार वेगळा लावायचा की!" मी म्हणालो.

पोरानं भाकरी खाली ठेवली. "अगदी तेच, अण्णा." गेमची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डात एक वेगळी जागाच असते, तिचं काम फक्त व्हिडिओ दाबून भरणं. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डात ती २०१२ पासून आहे, तिला एनव्हेंक म्हणतात, आणि २०१८ नंतरच्या कार्डात ती बरीच सुधारली. हमाल ट्रकवर, तोलाईदार काट्यावर, कुणी कुणाच्या कामात नाही. माझ्या मते त्या पंधरा ओळींत पैसे टाकण्याजोगी हीच एक ओळ होती. दिवे खोडले. कार्ड ठेवलं. रॅम सोळा जीबीची बत्तीस केली, कारण गेम, प्रक्षेपण आणि ब्राउझर अशी तीन कुटुंबं एका खोलीत नांदणार होती.

इथवर आलो होतो तर गप्प बसायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी पोराला कॉलेजला धाडून सौदा करायला मी एकटा गेलो. तासभर घासाघीस केली. शेवटी दुकानदार थकून म्हणाला, "काका, दीड हजार कमी करतो आणि वर एफवाला प्रोसेसर देतो. एफ म्हणजे फास्ट." शिवाय दोन माईक दाखवले. एक डायनॅमिक, तो म्हणे फक्त तोंडासमोरचं ऐकतो. दुसरा कंडेन्सर, तो सगळ्या खोलीतलं ऐकतो. जास्त ऐकणारा तो चांगला, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? शिवाय तो स्वस्त होता.

घरी आल्यावर मंडळींनी पेटीकडं बघून एकच प्रश्न विचारला, "पाणी आलं तर वर उचलता येईल का?" २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात फ्रिज घेतानाही आधी वजन विचारतात. म्हणून मशीन थेट वरच्या खोलीत गेलं. तिथंच माझी बैठक आणि वहीखाती.

पोरगं यायच्या आत सगळ्या वायरी मी स्वतः जोडल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटर काळा. दोन तास काळा. वायर काढून फुंकली, परत लावली. मंडळींनी गणपतीला नारळ बोलला. पोरगं आलं, मागं वाकून बघितलं.

"मॉनिटरची वायर मदरबोर्डला कुणी लावली? कार्डला लावायची असते."

"भोक सारखंच आहे की."

"आणि हा एफ का घेतला? एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नाही. इंटेलच्या साध्या प्रोसेसरमध्ये ती असते, आणि तिच्यात क्विक सिंक म्हणून आणखी एक तोलाईदार असतो. तो गेला."

म्हणजे तोलाईदाराचा हिशेब रात्री मीच मांडला, आणि सकाळी दीड हजारासाठी एक तोलाईदार मीच विकून आलो. नशीब, कार्डातला शाबूत होता. वायर तिकडं लावली, चित्र आलं, नारळ फुटला.

प्रक्षेपण सुरू झालं. पहिले दोन दिवस चित्र थांबत थांबत जात होतं. मशीनचा दोष नव्हता. नेटचा शंभरचा प्लॅन उतरवून घेण्यासाठी शंभर मेगाबिट होता, वर पाठवायला चार, म्हणजे सेकंदाला अर्धाच एमबी. महिन्याला थोडे जास्त देऊन ते दुरुस्त केलं. मग मात्र झकास. पोरगं कोपऱ्यात माईकसमोर 'गाईज, गाईज' करायचं, मी पलीकडं गादीवर बसून फोनवर शेतकऱ्यांशी बोलायचो. दोघांची दुकानं एका खोलीत.

परवा रात्री कडेगावकडच्या एका शेतकऱ्याचा फोन होता. चांगला माल, चाळीस पोती. मी म्हटलं, "साडेपंधरा हजार तोंडानं म्हणू. पण तुम्ही म्हणताय तर चौदाला सोडून टाकतो, त्याखाली नाही."

सकाळी सौदा लागला. बोली बारा हजारापासून चढत तेरा, साडेतेरा, चौदा झाली आणि तिथं गपकन थांबली. मी माल उचलून दाखवला, हळकुंड मोडलं, आतला केशरी रंग सगळ्यांच्या नाकासमोर धरला. कुणी हलेना. समोरचा खरेदीदार, ज्याच्याशी वीस वर्षं माझी पाचशे-पाचशेवर झोंबाझोंबी होते, तो आज हाताची घडी घालून उभा.

"सोडा की अण्णा," तो म्हणाला. "आमचा धाकटा रोज रात्री तुमच्या पोराचा गेम बघतो. आवाज लई क्लिअर येतोय."