'जात इंग्रजांनी आणली' हा मेसेज फिरतोय त्याबद्दल

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर सकाळपास्नं एक मेसेज फिरतोय, पूर्वी जात म्हणजे नुसता धंदा होता, धंदा बदलला की जात बदलायची, हे सगळं इंग्रजांनी केलं म्हणून. मंडळी, हे बरोबर नाही. संत चोखोबा १४व्या शतकातले, महार जातीत जन्मले म्हणून त्यांना देवळात जाता येत नव्हतं, तेव्हा इथं इंग्रज होता कुठं? आणि लांब कशाला, आपल्या पंचगंगेच्या घाटावरचंच बघा की, १८९९ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांना वेदोक्त म्हणजे वेदातले मंत्र म्हणायला पुरोहितानं नकार दिला, तुम्ही शूद्र म्हणून. धंद्यावर जात ठरत असती तर गादीवरचा राजा शूद्र कसा ठरला असता?

वर्ण चार, पण जाती हजारो, आणि जात टिकली ती जन्मावर अन् जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांवर, धंदा सुटला तरी जात सुटत नव्हती. म्हणून तर महाराजांनी १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासांना ठेवल्या, १९१९ ला आंतरजातीय लग्नाचा कायदा पण केला. इंग्रजांनी जनगणनेत जातींच्या याद्या केल्या, १९०१ ला तर उतरंडच लावायला बघितली, त्यानं भेद आणखी घट्ट झाले हे खरंय, पण जात त्याच्या कितीतरी आधीची आहे. मेसेज पुढं पाठवला असेल तर प्लीज हे पण पाठवा.