आयरिश लोकांनी संस्कृती "जशीच्या तशी" जपली म्हणे

दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतो, यंदा मामांनी टाकला, गेल्या वर्षी मावशीच्या दिरांनी टाकला होता. मजकूर थोडाफार असा, की बघा आयर्लंड, पन्नास लाखांचा देश, हजारो वर्षांची संस्कृती जशीच्या तशी जपली, इंग्रजांनी नाचावर बंदी घातली तर हात न हलवता नाचले, परकी वाद्य नाही, मातृभाषा सोडली नाही, सणाला दारू नाही गोंगाट नाही, सरकारपुढे हात पसरत नाहीत, गावोगावी लोक स्वतःहून उत्सव करतात. आणि शेवटी अर्थातच "आणि आपण???" तीन प्रश्नचिन्हं.

मामा, राग मानू नका. मी नऊ वर्षं इथे आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) राहतेय, अख्ख्या काउंटीची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं शहर. पण पारंपरिक संगीत म्हटलं की आयर्लंडमध्ये क्लेअरचं नाव पहिल्या दोनतीनात येतं. मुलगी आयरिश डान्सच्या क्लासला जाते, नवरा दर सतरा मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेला, परेडमध्ये लेझीम घेऊन भिजतो. त्यामुळे हा मेसेज वाचला की मला हसू येतं आणि थोडं चिडायलाही होतं, कारण इथल्या लोकांनी खरंच जे केलंय ते यात नाहीच, आणि जे केलं नाही त्याबद्दल कौतुक चाललंय.

आधी ती "जशीच्या तशी"वाली परेड घेऊ. सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक ही मुळात परदेशात गेलेल्यांची वस्तू आहे. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावात १६०१ साली निघाल्याची नोंद सापडलीय, आणि तेव्हा ते गाव स्पॅनिश लोकांच्या ताब्यात होतं. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची. आयर्लंडमध्ये हा दिवस होता तो चर्चला जायचा, कोटाला शॅमरॉकची तीन दलांची हिरवी पानं लावायची, उपासाच्या महिन्यात एक दिवस मोकळीक घ्यायची, असा. सुट्टी मिळाली १९०३ च्या कायद्याने, आणि आज डब्लिनमध्ये जो कित्येक दिवसांचा झगमगाट दिसतो ना, त्याची सुरुवात झाली १९९६ साली, सरकारने ठरवून, टुरिझम डोळ्यासमोर ठेवून. माझ्या दादाचं लग्न त्याच वर्षीचं. एवढी ती हजारो वर्षांची परंपरा.

दारू नाही म्हणणाऱ्याने सतरा मार्चला संध्याकाळी सातनंतर इथल्या कुठल्याही गावात चक्कर मारावी, मी जास्त बोलत नाही. पण गंमत अशी की एके काळी खरंच नव्हती. स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने त्या दिवशी पब कायद्याने बंद ठेवले होते आणि हे १९६० च्या आसपासपर्यंत चाललं, डब्लिनमध्ये त्या दिवशी एक कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं तिथे तेवढा बार उघडा असायचा, त्यामुळे ज्यांना कुत्र्यांचं काडीचं प्रेम नाही तेही प्रदर्शनाला हजर. म्हणजे कोरडा सण ही संस्कारांची नाही, कायद्याची कृपा. आपल्या ड्राय डेसारखीच.

आता ते हात. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण व्हिडिओसकट फिरतो. कथा अशी की इंग्रज शिपाई खिडकीबाहेरून जाताना कळू नये म्हणून लोक कमरेच्या वर दगडासारखे उभे राहून फक्त पाय हलवायचे. ऐकायला छान आहे, पण अशा बंदीचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. उलट अठराव्या शतकात गावोगाव फिरणारे डान्सिंग मास्टर असायचे, एका गावात काही आठवडे मुक्काम, पोरांना शिकवायचं, पैसे घ्यायचे, पुढचं गाव. लपूनछपून नाही, चांगले तोऱ्यात. घरातली जमीन मातीची, म्हणून चांगल्या नाचणाऱ्यासाठी घराचं दार बिजागरीतून काढून खाली अंथरायचे आणि त्यावर तो नाचायचा, म्हणजे पायाचा आवाज यावा म्हणून. चोरून नाचणारा माणूस आवाज यावा म्हणून दार काढेल का, मला सांगा. ताठ उभं राहणं ही त्या मास्तरांची शिस्त, चारचौघात कसं वावरायचं तेही तेच शिकवत. पुढे १८९३ मध्ये आयरिश भाषा आणि संस्कृती जपायला गेलिक लीग ही संघटना निघाली, मग १९३० च्या सुमारास नाचाचं एक मंडळ स्थापन झालं, परीक्षा आल्या, स्पर्धा आल्या, परीक्षकांना ताठ हात आवडले, आणि पन्नास वर्षांत सगळ्यांचे हात ताठ. आणि कॉनेमाराला जा, क्लेअरहून फार लांब नाही, तिथे शॅन-नोस, म्हणजे जुन्या ढंगाचा, नाच बघा, त्यात हात मोकळे असतात, म्हाताऱ्या आज्जीसुद्धा मस्त हात उडवत नाचतात. त्यांना काय इंग्रज शिपाई दिसत नव्हते?

बरं बंदीच म्हणायची तर ती आली, पण आपल्याच लोकांकडून. १९३५ चा डान्स हॉल कायदा, स्वतंत्र आयर्लंडच्या संसदेने केलेला, मागे चर्चचा जोर. पब्लिक नाच करायचा तर कोर्टाकडून लायसन्स पाहिजे. कायदा हॉलसाठी होता, पण गावातले फादर आणि पोलीस यांनी तो घरच्या नाचांवरही चालवला. क्लेअरमध्ये तोपर्यंत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमायचे, एक फिडल (व्हायोलिनच), एक कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी), आणि रात्रभर नाच, ते बंद पडलं. मिलटाउन मॅलबेच्या बाजूचे फिडलवादक ज्युनियर क्रीहन यांनी ते दिवस पाहिलेले, त्या कायद्याने गावं कशी मुकी झाली ते पुढे सांगत राहिले. फॉरवर्डमध्ये हे का नसतं? कारण यात खलनायक आपल्यातलाच निघतो, आणि तसला मेसेज कुणी पुढे पाठवत नाही.

आणि शुद्धता! अहो मामा, शुद्धतेचा नाद इथेही होता आणि त्याने काय केलं ऐका. क्लेअरचा अभिमान म्हणजे सेट डान्स, चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि हॉलची जमीन हलेपर्यंत पाय आपटतात. हा सेट म्हणजे मूळचा फ्रेंच क्वाड्रिल, शिपाई आणि डान्सिंग मास्टर यांच्याबरोबर एकोणिसाव्या शतकात आलेला. तर गेलिक लीगवाल्यांनी तो परका म्हणून वाळीत टाकला आणि त्याऐवजी "केली" (céilí, म्हणजे नाचगाण्याचा मेळावा) मधले "खरे आयरिश" नाच पुढे आणले. आता ही "केली" ज्या रूपात आज सगळे ओळखतात, ती पहिली कुठे झाली? लंडनला. १८९७ साली, लंडनमधल्या गेलिक लीगच्या शाखेने भरवली, तिथल्या स्कॉटिश लोकांच्या मेळाव्यांवरून कल्पना घेऊन. म्हणजे लंडनहून आलेलं शुद्ध आणि क्लेअरच्या स्वयंपाकघरात शंभर वर्षं नाचलेलं अशुद्ध. क्लेअरच्या लोकांनी अर्थात ऐकलं नाही. नशीब.

वाद्यांचंही तेच. इलन पाईप्स (भात्याने हवा भरून वाजवायचे आयरिश बॅगपाईप) आणि हार्प सोडा, ती त्यांचीच. पण कॉन्सर्टिना, जी क्लेअरमध्ये घरटी एक असायची, ती इंग्लंड-जर्मनीची. बँजोची मुळं आफ्रिकेत, आला अमेरिकेहून. बुझुकी हे तंतुवाद्य ग्रीसचं, आयरिश संगीतात शिरलं १९६० च्या दशकात, म्हणजे परवा. आपल्या पेटीसारखंच आहे हे, युरोपातून आली, आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिच्यावर बंदी ठेवली, आणि आज पेटीशिवाय भजन होत नाही.

अमेरिकेने वाट लावली असं कुणी म्हणालं तर तेही अर्धंच. कॉर्कमधल्या खेड्यातून गेलेला फ्रान्सिस ओनील शिकागोचा पोलीस प्रमुख झाला, त्याने तिथल्या आयरिश वादकांकडून, त्यात त्याच्या हाताखालचे हवालदारही होते, ऐकून ऐकून धुना गोळा केल्या आणि १९०३ मध्ये १८५० धुना एकत्र छापल्या. इथले जुने वादक त्या संग्रहाला आजही मानतात. आणि स्लायगोचा मायकल कोलमन, फिडलवाला, त्याने १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड्स केल्या, त्या पार्सलमधून आयर्लंडच्या खेड्यात पोचल्या आणि लोक स्वतःच्या गावची ढब सोडून त्याच्यासारखं वाजवायला लागले. फायदा का तोटा, यावर इथे पबमध्ये अजून भांडणं होतात. रिव्हरडान्स या आयरिश नाचाच्या शोचं तर सगळ्यांना माहीतच आहे, सुरुवात १९९४ च्या युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेच्या मधल्या वेळेतली सातेक मिनिटं, पुढे नाचणारे दोघंही अमेरिकेत जन्मलेले.

भाषेवर दोनच वाक्यं. २०२२ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येतं असं लिहिलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७२ हजारांच्या आत. क्लेअरमध्ये आज सरकारी यादीतलं आयरिशभाषक गाव एकही नाही, माझ्या मुलीच्या बाई वर्गात आयरिश शिकवतात आणि पार्किंगमध्ये इंग्रजीत ओरडतात.

आता "स्वतःहून, सरकारशिवाय". स्वतःहून हे खरं आहे, पण स्वतःहून म्हणजे आपोआप नाही ना. १९५१ मध्ये मलिंगार या गावी काही वादक जमले, त्यातून कोल्तस ही संघटना आणि फ्ला हा संगीताचा वार्षिक मेळा निघाला, आज तो दरवर्षी ऑगस्टमध्ये भरतो, २०१६ आणि २०१७ ला आमच्या क्लेअरमधल्या एनिस शहरात होता, रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कोल्तसला सरकारी अनुदान मिळतं, बऱ्याच उत्सवांना आर्ट्स कौन्सिल पैसे देतं, गावच्या परेडला काउंटी कौन्सिल थोडेफार देतं, आणि ते घेताना कुणाला लाज वाटत नाही. मिलटाउन मॅलबेचा तो विली क्लॅन्सी उन्हाळी वर्ग, विली क्लॅन्सी हे तिथले मोठे पाईप्सवादक, १९७३ च्या जानेवारीत गेले आणि त्याच उन्हाळ्यात मित्रांनी त्यांच्या नावाने वर्ग सुरू केला, अजून दर जुलैत चालतो. एकच मोठा रस्ता असलेलं ते गाव, आठवडाभर सकाळी शाळेच्या बाकांवर सत्तरीचा जपानी माणूस आणि दहा वर्षांची स्थानिक पोरगी शेजारी बसून तीच धून दहादा घोकतात. नोटेशन बाजूला ठेवून, कानाने. हे करतात ते लोक. यासाठी पाठ थोपटा की.

आमची परेड पण तशीच. फॉर्म भरा, किती माणसं, गाडी आहे का, इन्शुरन्स, पिवळं जाकीट घातलेला माणूस ओळीतली जागा सांगणार, ट्रॅक्टरच्या मागे आणि कराटे क्लासच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या मराठी ग्रुपने कोल्हापूरहून हलगी आणली. आठ डिग्री, बारीक पाऊस, हलगीचं कातडं पंधरा मिनिटांत ढिलं, वाजवली की ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. आपल्याकडे जाळ करून शेकतात, इथे रस्त्यावर जाळ कुठे करणार, पोलीस धरतील. शेजारी एक आजोबा बोरॉन घेऊन उभे होते, बोरॉन म्हणजे डफासारखंच, बकऱ्याचं कातडं, काठीने वाजवायचं. त्यांनी काही न बोलता हलगी हातातून घेतली, चिप्सच्या दुकानाबाहेर गरम हवा सोडणारी जाळी असते तिच्यासमोर धरली, मधून मधून बोटाने टकटक करून बघत होते. पाच मिनिटांत हलगी बोलायला लागली, वर बटाट्याचा वास फ्री. मग सांगितलं की माझी अडचण उलटी, पबात गर्मीने कातडं इतकं ताणतं की आतून पाण्याचा हात फिरवावा लागतो. त्यांनी आम्हाला हे तुमचं की आमचं असलं काही विचारलं नाही, हे कातडं किती जुनं एवढंच विचारलं.

या वर्षी मात्र आमच्याच ग्रुपमध्ये वाजलंय, हलगी नाही, भांडण. एकाने सुचवलं की लेझीम इथल्या रीलवर (चारच्या तालातली आयरिश धून) बसवू, गावचा एक बँड सोबत वाजवायला तयार आहे. लगेच दुसऱ्याने लिहिलं की लेझीम आपल्या तालावरच व्हायला पाहिजे, भेसळ नको, आपली संस्कृती जशीच्या तशी दाखवायची. वर मामांचाच तो फॉरवर्ड जोडला. तीन दिवस झाले, निर्णय नाही, फॉर्मची तारीख शुक्रवारी आहे. तोवर मी आणि नवऱ्याने किचनमध्ये मोबाईलवर धुना लावून करून बघितलं, जिगवर (सहाच्या तालातली धून) पावलं चुकतात, रीलवर बरोब्बर बसतात.