रोज बेंच, रोज फेल? त्या मेसेजला माझं उत्तर

बडोद्यातल्या जिमवाल्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज परत परत फिरतोय, रावपुऱ्यातला ग्रुप असो नाहीतर दांडिया बाजारातला. म्हणणं असं की सहा आठवडे रोज बेंच (बाकावर उताणं झोपून वजनाचा रॉड छातीवर आणून वर ढकलणं) मारा, प्रत्येक सेट हात फेल होईपर्यंत, दर शनिवारी मॅक्स (एकदाच उचलता येणारं सगळ्यात जास्त वजन) काढा, पाठीची कमान करणं म्हणजे चीटिंग, आणि एवढं केलं की २० किलो वाढलेच समजा. सतरा-अठराची पोरं हे खरं मानून खांदे दुखवून घेतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी "रोज". कारण काय दिलंय तर आखाड्यात रोज दंड मारायचेच ना. मारायचेच, हे जुम्मादादा आणि माणिकराव या वस्तादांचं गाव आहे, दंडांबद्दल इथे कुणाला वेगळं सांगायला नको. पण दंडात वजन आपल्या अंगाचं, ते आज जेवढं तेवढंच उद्या. बेंचवर आपण रॉडवर प्लेटा चढवत जातो, आणि जड दिवसानंतर छाती, ट्रायसेप्स आणि पुढच्या खांद्याला सावरायला साधारण दोन दिवस तरी द्यावे लागतात. आठवड्यातून दोनदा बेंच पुरे, सोमवार-गुरुवार समजा, आणि त्याच दिवशी तेवढेच सेट रोइंगचे (वजन अंगाकडे ओढण्याचे), कारण पाठ कच्ची राहिली की खांदा पुढे ओढला जातो.

आता फेल होण्याचं, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतंय. सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी नसांची असते, म्हणजे स्नायू फार मोठा झालेला नसतो पण मेंदू त्याच्याकडून जास्त काम काढून घ्यायला शिकतो. जड रॉड एकाच वाटेने छातीवर आणून वर ढकलणं हे कसब आहे आणि कसब चांगल्या रेपांनी बसतं (रॉड एकदा खाली-वर केला की एक रेप, न थांबता मारलेल्या रेपांचा एक सेट). फेल व्हायच्या रेपला काय होतं बघा, कोपर बाहेर फाकतात, बूड उचललं जातं, रॉड तोंडाकडे सरकतो, आणि रोज रोज त्याचीच प्रॅक्टिस केली तर तेच पक्कं होणार ना! दोन रेप हातात असतानाच रॉड ठेवा. आणि दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं थांबा, जड रेपला लागणारी झटपट ऊर्जा स्नायूत परत भरायला तेवढा वेळ जातो, घाम सुकला तरी चालेल.

दर शनिवारी मॅक्स कशाला? मॅक्स काढून ताकद कळते, वाढत नाही. अंदाज हवा असेल तर गणित सोपं आहे, रेपला ३० ने भागा, त्यात १ मिळवा, वजनाने गुणा. ७० किलो पाच वेळा स्वच्छ गेलं तर मॅक्स ८१-८२ च्या आसपास.

मग सहा आठवड्यांत करायचं काय, तर समजा मॅक्स ८० किलो आहे. पहिले दोन आठवडे ६० किलो, सहा-सहा रेपचे चार सेट. तिसऱ्यात ६५, पाचाचे पाच. चौथ्यात मुद्दाम हलकं, ५५ चे पाच-पाचचे तीनच सेट, आणि हा आठवडा कंटाळा आला म्हणून गाळू नका, आधीचा थकवा इथेच उतरतो. पाचव्यात ६७.५, तीन रेपचे पाच सेट. सहाव्या सोमवारी ७२.५, दोन-दोनचे तीन, आणि मग आराम करून शनिवारी मॅक्स. हे सोमवारचे आकडे झाले, सहावा आठवडा सोडून गुरुवारी यातून दहा टक्के कमी करा आणि रॉड छातीवर एक सेकंद थांबवून मारा. सव्वा किलोच्या दोन प्लेटा चढवल्या की अडीच किलो वाढतं, ६७.५ आणि ७२.५ असेच जमतात.

कमान चीटिंग आहे हे तर सरळ खोटं. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमात डोकं, खांदे आणि बूड बेंचला आणि पाय जमिनीला टेकलेले हवेत, पाठीच्या कमानीला मनाई नाही. २०२३ पासून फक्त कोपर किती खाली यायला हवा याचा नियम आला, अतिरेकी कमानीला आळा बसावा म्हणून. खांद्याची पाती मागे ओढून छाती वर काढली की थोडी कमान येतेच, आणि त्यात खांदा जास्त सांभाळला जातो.

राहिले २० किलो. अगदी नव्याचा आकडा पद्धत सुधारल्यावर भराभर चढतो, पण वर्षभर मारणाऱ्याचे सहा आठवड्यांत अडीच ते पाच वाढले तरी ते चांगलंच काम आहे, ८० चे एकदम १०० कुणी सांगितले तर मानू नका.

मॅक्सच्या दिवशी मागे सांभाळणारा माणूस हवाच आणि अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवा. एरवी जिममध्ये एकटे असाल आणि बेंचला सेफ्टीचे दांडे नसतील तर रॉडला प्लेटा अडकवणारी क्लिप लावू नका, अडकलात तर रॉड एका बाजूला कलवून प्लेटा खाली सोडता येतात.