टेलिपोर्ट नको, वाट पाहिजे

परवा रात्री पुतण्या शेजारी बसून माझा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम बघत होता. मी एल्विनच्या जंगलातनं रस्ता धरून चाललो होतो, लेव्हल ११, घोडा नाही काही नाही. पाच मिनिटं त्यानं कळ काढली आणि मग म्हणाला, "काका, एवढं चालत कोण जातंय, टेलिपोर्ट मार की." म्हणजे बटण दाबून एका झटक्यात तिथं पोचायचं. त्याच्या मोबाईलवरच्या गेममध्ये क्वेस्टच्या, म्हणजे गेमनं दिलेल्या कामाच्या, नावावर बोट ठेवलं की कॅरेक्टर आपलं आपण पळत जातं, हा तोवर पाणी पिऊन येतो. मी तेवढ्यापुरतं त्याला काहीतरी सांगितलं, खरं डोक्यातनं ते गेलंच नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहालोय. वेळ असेल त्यांनी वाचा.

आमचं गाव निपाणीजवळ. लहान असताना आज्जा आम्हाला बैलगाडीनं चिंचलीला मायाक्काच्या जत्रेला न्यायचा, माघात. चिकोडी, रायबाग करत दोन दिवस लागायचे. गाडीखाली कंदील टांगलेला, आत गवतावर घोंगडं, आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगाची चटणी. वाटेत तहान लागली की कुणाच्याही दारात जायचं. पहिल्या दिवशी मी "मावशी, पाणी द्या की" म्हणायचो. दुसऱ्या दिवशी आज्जा म्हणायचा, आता "नीर कोड्री" म्हण. मधल्या गावांत तर दोन्ही चालायचं, बाई मराठीत विचारायची कुठलं गाव आणि आत सुनेला कन्नडमध्ये सांगायची तांब्या आण. पाण्याचं नीर नेमकं कुठल्या गावात झालं ते मला आजपण सांगता येणार नाही. रेघ कुठं नव्हतीच, तंबाखूचा वास हळूहळू मागं पडायचा, गाणी बदलायची, बायकांच्या लुगड्याची नेस बदलायची, आणि चिंचली यायची तेव्हा आपण लई लांब आलोय हे अंगाला कळलेलं असायचं. आता गाडीनं दोन तासाच्या आत पोचतो. दर्शन होतं, खरं मधली गावं गेली.

२००४ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, त्यात मला नेमकं हेच सापडलं. मी तो पहिल्यांदा खेळलो ते लई उशिरा, २०१९ला क्लासिक, म्हणजे त्याच गेमचं जुनं रूप, परत आलं तेव्हा. गोल्डशायरवरनं पश्चिमेला रस्ता धरायचा, दोन्हीकडं गर्द हिरवी झाडी, मग एक पूल लागतो, आणि पुलावरनं पलीकडं बघितलं की सगळं पिवळं. वेस्टफॉल. वाळलेली शेतं, पवनचक्क्या, मोडकी घरं, शेतातनं फिरणारी यंत्रं. लोडिंग स्क्रीन नाही, मधी कुणी "थांबा" म्हणत नाही, संगीत तेवढं हळूच बदलतं. तिथनं पूर्वेला गेलं की डस्कवुड, भरदुपारी अंधार. म्हणजे सुपीक मुलूख, उजाड मुलूख आणि भुताटकीचा मुलूख एकमेकाला खेटून आहेत आणि ते खेटून आहेत हे तुम्हाला पायानं कळतं. उजाड शेतातली माणसं उठून शहराच्या वाटेला लागलेली दिसतात. ते शहर कुठल्या बाजूला हे तुम्ही नुकतंच चालून आलेले असता, त्यामुळं त्यांचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे जमवायला मेहनत लागते. त्यांनी अख्खा खंड चौकोनी तुकड्यांत कापलाय, एक नकाशा म्हणजे ६४ बाय ६४ची चौकट, आणि तुम्ही चालाल तसा पुढचा तुकडा आधीच मेमरीत भरला जातो, मागचा सोडून दिला जातो. त्याच्या आधी १९९९चा एव्हरक्वेस्ट हा असलाच ऑनलाइन गेम होता, त्यात झोन म्हणजे मुलूख वेगवेगळे, हद्द ओलांडली की स्क्रीन थांबायचा. खरं तिथंसुद्धा वाट होती. फ्रीपोर्टवरनं बुचरब्लॉकला जायचं तर धक्क्यावर बोटीची वाट बघायची, मग आसवांचा समुद्र पार करायचा, आणि बोट चुकली तर बसा धक्क्यावरच. लवकर जायचं असेल तर ड्रुइड नाहीतर विझर्ड, म्हणजे जादूनं माणसं नेऊ शकणारा खेळाडू शोधायचा, त्याला चार पैसे द्यायचे, तो नेऊन सोडायचा. म्हणजे लांब अंतरामुळं एकाला धंदा मिळाला आणि दोघांची ओळख झाली. ईस्ट कॉमनलँड्समधल्या एका बोगद्यात खेळाडूंनी आपला आपण बाजार भरवला होता, कंपनीनं बांधून दिला नव्हता. वाटा जिथं जवळ येतात तिथं बाजार भरतोच, आमची निपाणी दुसरं काय आहे. मग २००२ला त्या गेमचा प्लेन्स ऑफ पॉवर हा नवा भाग आला. शहराशहरात पुस्तकं ठेवली, पुस्तकावर क्लिक केलं की एका मधल्या जागेत, तिथनं दुसऱ्या पुस्तकातनं पाहिजे तिथं. बोटींचं कामच संपलं.

माझी स्वतःची सुरुवात रूनस्केप या दुसऱ्या ऑनलाइन गेमनं झाली, कॉलेजला असताना, बेळगावात टिळकवाडीतल्या एका नेट कॅफेत. तासाला १५ रुपये. ब्राउजरमध्येच चालायचा म्हणून तो, बाकी काही त्या मशीनवर चाललं नसतं. लम्ब्रिजवरनं अल खारिदच्या वाळवंटात जायचं तर मधी फाटक, १० नाणी टोल. पहिल्यांदा माझ्याकडं चारच नाणी होती. मागं फिरलो, कोंबड्या मारल्या, पिसं विकली, परत आलो, १० नाणी दिली आणि वाळवंटात पाय ठेवला, तेवढ्यात कॅफेवाल्याचा टाइम संपला. तरी त्या दिवशी मी लई खुशीत होतो. अजून कोगनोळीचा टोल आला की मला ते फाटक आठवतं.

आणि वॉरक्राफ्टमधला वेटलँड्स, तो दलदलीचा मुलूख. ज्यांनी क्लासिक खेळलाय त्यांना नुसतं नाव पुरे. शहापूरचा एक दोस्त आणि मी, दोघंही नाइट एल्फ जमातीचे, लेव्हल १०. बाकीची टोळी आयर्नफोर्ज शहरात, आम्ही समुद्राच्या दुसऱ्या बाजूला. ऑबरडाइनच्या धक्क्यावरनं बोट धरली (समुद्रात मधीच एक लोडिंग स्क्रीन येतो, तेवढा मी माफ केलाय, बोटीत निदान बसायला तरी मिळतं), मेनेथिल बंदरात उतरलो. तिथनं दलदल. मगरींच्या चित्रावर लेव्हलच्या जागी कवटी, म्हणजे एका चाव्यात काम तमाम. दोस्त फोनवर कुजबुजत होता, रात्रीचे साडेअकरा, घरात सगळे झोपलेले, "डावीकडनं जाऊ नको, डावीकडनं दोन हायत, थांब, थांब, आता पळ." मी रस्त्याच्या कडेनं चाललो होतो आणि कडेलाच एक होती. मेलो. भूत होऊन पळत परत आलो, उठलो, दहा पावलं गेलो, परत मेलो. दोस्त थांबला माझ्यासाठी, त्याला जाता आलं असतं. डन अल्गाझच्या बोगद्याजवळ ऑर्क नावाचे शत्रू, तिथं तो मेला. दीड तास लागला आम्हाला. शेवटचा बोगदा संपला आणि बाहेर लोक मोडानचं तळं, बर्फाचे डोंगर, आणि ते भलंमोठं दगडी धरण. दोस्त म्हणाला, "आयला, हिडकल." म्हणजे आमच्याकडचं धरण. दोघंही गप्प बसून दोन मिनिटं नुसतं बघत राहिलो.

मूळ गेममध्ये २०१०ला कॅटाक्लिझम हा नवा भाग आला तेव्हा ते धरण फुटलं, तळं आटलं. जो मगरींच्या तोंडातनं तिथवर आला होता त्यालाच त्याचं वाईट वाटणार.

माझं म्हणणं एवढंच हाय की जागा एकमेकीला चिकटलेल्या राहिल्या तरच ते जग. नाहीतर ती खोल्यांची यादी. डिसेंबर २००९ला वॉरक्राफ्टमध्ये डंजन फाइंडर आला (डंजन म्हणजे टोळीनं मिळून लढायची बंदिस्त जागा), कुठंही उभं राहून बटण दाबा, चार अनोळखी माणसं मिळतात आणि सगळे थेट डंजनच्या आत, संपलं की परत होता तिथं. डेडमाईन्स या डंजनला जायला आधी मूनब्रूकच्या त्या ओसाड गावातनं जावं लागायचं, एका घरातनं खाली खाणीत उतरायचं, वाटेतच लढाई सुरू व्हायची. नंतर आलेल्या पोरांनी डेडमाईन्स वीस वेळा केलं असेल, मूनब्रूक बघितलंच नाही. २०१०ला जुन्या खंडांवर उडायला मिळालं तेव्हा तर रस्त्यावर माणूसच दिसेना. वरनं जाणाऱ्याला खाली कोण मेलंय, कोण मदत मागतंय, काय कळणार.

आता लोक म्हणतील, आम्हाला नोकरी हाय, पोरंबाळं हायत, रात्री एक तास मिळतो, तो चालण्यात घालवू काय? रास्त हाय. मलाही एकच तास मिळतो. मी बेळगाव-निपाणी आठवड्यातनं दोनदा करतो, मला कुणी प्रवासाचं कौतुक सांगायला नको. खरं याचं उत्तर त्याच गेममध्ये पहिल्यापासनं होतं की! ग्रिफिन, म्हणजे पाठीवर बसवून नेणारा उडता प्राणी. मोठ्या ठाण्यांवर एक ग्रिफिनवाला, त्याला एकदा चालत जाऊन भेटायचं. एकदा भेटलात की दोन गावांमध्ये तुमची लाईन सुरू, थोडे पैसे द्यायचे आणि बसायचं. आणि तो उडतो तेव्हा खाली तोच मुलूख सरकतो जो तुम्ही तुडवलाय, तो पूल, ती शेतं, तिथं मी मेलो होतो, तिथं दोस्त थांबला होता. आधी वाट, मग गाडी. याच्या उलट गिल्ड वॉर्स २ हा दुसरा गेम. तिथंही वेपॉइंट, म्हणजे टेलिपोर्टचा थांबा, आधी चालत जाऊन उघडावा लागतो, तेवढं चांगलं केलंय, खरं नंतरचा प्रवास म्हणजे नकाशावर एक क्लिक आणि लोडिंग स्क्रीन, मधलं सगळं गायब. मला ग्रिफिनच पटतो. वेळ वाचतो आणि जग तुटत नाही.

ऑगस्ट २०२३ला क्लासिकचे हार्डकोअर सर्व्हर आले, एकदा मेला की ते कॅरेक्टर संपलं. तिथं परत रस्त्याची किंमत आलीय. लोक रस्त्यानंच जातात, समोरनं येणारा दिसला की थांबतात, पुढं काय हाय सांगतात. मी सध्या तिथंच खेळालोय, परवाचं ते लेव्हल ११ तेच.

पुतण्याला मी उठू दिलं नाही. माउस त्याच्या हातात दिला, म्हटलं फक्त रस्ता सोडू नको. वेस्टब्रूकची चौकी गेली, पूल आला, आणि पुलावर तो आपला आपणच थांबला.

"काका, पलीकडं ते पिवळं काय हाय?"

म्हटलं, जाऊन बघ.

रविवारी रात्री नऊनंतर आम्ही दोघं तिथनं डस्कवुडला निघणार हाय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातलं कुणी खेळत असेल तर इथं सांगा. वेस्टफॉलमधल्या सेंटिनल हिलच्या बुरुजाखाली थांबतो. चालतच जायचं हाय.