हत्ती बी-१२ची गोळी घेत नाही. आत्याला घ्यावी लागते

माझी आत्या एकाहत्तर वर्षांची आहे, साताऱ्यात एकटी राहते, जन्मापासून शाकाहारी आहे आणि गेली चौदा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेते. दिवाळीनंतर तिच्या तळपायांच्या मुंग्या वाढल्या आणि चालताना पायातली चप्पल मागे राहिली तरी तिला कळेनासे झाले. चौकशी केल्यावर असे बाहेर आले की मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची अशा दोन्ही गोळ्या तिने दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. कारण विचारताच तिने फोन माझ्यापुढे धरला. ‘वनस्पती-आहाराचे सात चमत्कार : डॉक्टर जे कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा होता, खाली लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. तोच मजकूर पुढच्या आठ दिवसांत मला नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या जुन्या मित्रांच्या अशा तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर भेटला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग होती.

मी स्वतः शाकाहारी आहे, तेव्हा हे मटणवाल्यांच्या बाजूचे लिखाण आहे असा समज कोणी करून घेऊ नये. भाजी, भाकरी, उसळ, आमटी हे जेवण उत्तम आहे याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. या मजकुराचे सात दावे थोडक्यात असे : एकवीस दिवस फक्त वनस्पतिजन्य खाल्ले की मधुमेह मुळासकट जातो, म्हणून गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवाव्यात, बी-१२ शरीर आपोआप तयार करते, ते वाढवायचे असेल तर भाज्या न धुता खाव्यात, रोज उपाशीपोटी दुधीचा रस घ्यावा, आणि तो जितका कडू तितका गुणकारी, मांस-मासे म्हणजे कर्करोग आणि मधुमेह, दूध हे विष आहे, आणि वरणभातातून लागतील तेवढी प्रथिने मिळतात. मजकुरातला क्रम मी पाळणार नाही, कारण ज्या दाव्याने आत्याचे पाय गेले असते त्याला आधी उत्तर द्यायला हवे.

बी-१२विषयी मूळ वाक्य असे आहे : ‘हत्ती फक्त पाला खातो, तो बी-१२ची गोळी घेतो का?’ हे वाक्य आत्याला इतके पटले होते की तिने ते मलाच दोनदा ऐकवले. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणताही प्राणी तयार करत नाही आणि कोणतीही वनस्पतीही करत नाही. ते तयार करतात फक्त काही सूक्ष्म जीव, मुख्यतः जिवाणू. गायीच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असे जिवाणू कोट्यवधींनी राहतात, त्यांनी बनवलेले बी-१२ पुढे आतड्यात शोषले जाते, आणि म्हणूनच ते दुधात उतरते. हत्ती रवंथ करणारा प्राणी नाही. त्याचा चारा आतड्याच्या मागच्या भागात आंबतो, आणि त्याची पिल्ले हे जिवाणू मिळवण्यासाठी मोठ्यांची लीद खातात. हत्तीचा कित्ता गिरवायचाच असेल तर तो पूर्ण गिरवावा लागेल, एवढेच मी आत्याला म्हणालो. ती हसली नाही, पण फोन बाजूला ठेवला.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करायला हवे. माणसाच्या मोठ्या आतड्यातही बी-१२ तयार करणारे जिवाणू असतात. अडचण जागेची आहे. बी-१२ शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, तेही जठरात तयार होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाचा हात धरून. मोठे आतडे त्याच्याही पुढे येते. पाटाचे पाणी शेताच्या खालच्या अंगाला सोडले तर वरचे वाफे भिजत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोळ्या घेऊन हा प्रश्न सुटेल असेही त्या मजकुरात ओझरते म्हटले आहे, पण तिच्यातले बी-१२ बहुतांशी नकली असते : रचनेने जवळचे, पण आपल्या शरीराला निरुपयोगी.

‘आपले पूर्वज कुठे गोळ्या घेत होते?’ या प्रश्नाला माझ्याकडे पुण्यातले उत्तर आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, शहरातल्या झोपडपट्ट्या आणि मध्यमवर्गीय वस्त्या अशा तिन्ही ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची रक्ततपासणी केली आणि निष्कर्ष २००६ साली भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकी ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात, म्हणजे हा मजकूर सर्वांत उत्साहाने पुढे पाठवणाऱ्या आपल्याच वर्गात, हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींमध्ये कमतरतेची जोखीम ४.४ पट होती. हा अभ्यास पुरुषांचा होता आणि त्याला आता बरीच वर्षे झाली, हे खरे. पण आपल्याच गावच्या, आपल्यासारखेच जेवणाऱ्या माणसांच्या रक्तात काय सापडले हे त्यातून कळते, आणि हत्तीच्या रक्ताविषयीच्या तर्कापेक्षा मला ते अधिक उपयोगाचे वाटते. त्या ६७ टक्क्यांत अधूनमधून मांसाहार करणारेही होते. तेव्हा महिन्यातून एकदा रस्सा ओरपणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये.

आता आत्याच्या पायांकडे येतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतले की बी-१२चे शोषण कमी होऊ शकते. म्हणजे आधीच आहारात कमी, त्यात गोळीमुळे आणखी गळती. शिवाय मधुमेहाने नसांना होणारी इजा आणि बी-१२च्या अभावाने होणारी इजा, दोन्हींची सुरुवात पायाच्या मुंग्यांनीच होते, त्यामुळे घरचे लोक ‘साखरेमुळे असेल’ म्हणून दुर्लक्ष करतात. यकृतात बी-१२चा साठा असतो आणि तो भरलेला असेल तर काही वर्षे पुरतो. एरवी दोन महिन्यांच्या खंडाने काही बिघडले नसते. आत्याचा साठा मात्र मुळात कधी भरलेलाच नव्हता, आणि अहवालातला आकडा खालच्या मर्यादेच्या निम्म्यावर होता. तिचे हिमोग्लोबिन मात्र ठीक होते. ‘हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणजे सगळे चांगले आहे’ या समजुतीवर ती विसंबून होती, आणि याला काही अंशी तिच्या पानातली पालेभाजीही जबाबदार असू शकते. पालेभाज्यांत फोलेट नावाचे जीवनसत्त्व भरपूर असते; ते रक्तक्षय झाकून ठेवते, नसांची झीज मात्र थांबवू शकत नाही. फोलेटची गोष्ट मुंबईचीच आहे. १९२८नंतर ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईतल्या गिरणी कामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या, आणि यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. पाल्यात मोठे सामर्थ्य आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण ते सामर्थ्य बी-१२चे नव्हे.

भाज्या न धुता खाण्याचा सल्ला वाचून मात्र माझा संयम सुटला. मातीत बी-१२ बनवणारे जिवाणू असतात हे खरे, पण गाजराला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून दिवसाची गरज भागत नाही. त्या मातीतून दुसरे काय येते ते ऐकावे. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात जाणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, सांडपाण्यावर वाढवलेल्या भाजीवर बसतात, आणि ती कच्ची, न धुतलेली भाजी खाणाऱ्याच्या पोटातून थेट मेंदूपर्यंत पोहोचून तिथे गाठी करतात. तरुण वयात अचानक फिट येण्याचे हे आपल्या देशातले एक नेहमीचे कारण आहे, आणि ज्याने जन्मात डुकराचे मांस पाहिलेलेही नाही अशा कडक शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. ‘शुद्ध आहार’ या शब्दाखाली हा सल्ला देणाऱ्याला शुद्ध या शब्दाचा अर्थ कोणीतरी समजावून सांगायला हवा.

दुधीच्या रसाचा मुद्दा याहून लहान वाटतो, पण तो जीवावर बेतू शकतो. दुधी, काकडी, दोडका या कुळात कडवटपणा आणणारी विषारी द्रव्ये असतात; साध्या गोड दुधीत ती नगण्य असतात, कडू दुधीत मात्र भरपूर असू शकतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयावर समिती नेमली, आणि सल्ला निघाला तो अगदी सरळ होता : कडू लागला तर रस फेकून द्या, आणि प्यायल्यावर उलटी, पोटदुखी किंवा जुलाब सुरू झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. आपल्या आज्या दुधी चिरताना एक फोड जिभेवर ठेवून पाहत, ती याचसाठी. आणि इथे हा मजकूर सांगतो की कडू तितका गुणकारी.

एकवीस दिवसांत मधुमेह जातो, या दाव्यातही एक दाणा खरा आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत, जवळजवळ निम्म्या रुग्णांचा मधुमेह वर्षअखेरीस औषधांविना आटोक्यात होता. मात्र या रुग्णांना मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ झालेला नव्हता, ते इन्शुलिनवर नव्हते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने दिवसाला साडेआठशे कॅलरींच्या आसपास घेत होते, आणि फायदा झाला तो मुख्यतः वजन उतरल्याने; ज्यांचे पंधरा किलो किंवा त्याहून अधिक वजन घटले त्यांच्यात यश सर्वाधिक होते. त्यात वनस्पतींचा काही विशेष महिमा नव्हता. साबुदाण्याची खिचडी, मैद्याची खारी, बटाट्याचे वेफर्स, शेव आणि साखरेचा चहा बिनदुधाचा, हे सगळे वनस्पतिजन्यच आहे आणि आत्याच्या एकवीस दिवसांत यातले बरेच काही होते. उलट, जे इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेतात त्यांनी एकाएकी जेवण तोडले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. औषध कमी करायचे असेल तर आकडे पाहत, डॉक्टरांना विचारून करायचे असते. ते कमी होऊही शकते, आणि भाज्या, उसळी वाढवून वजन उतरवणे हा त्याचा चांगला मार्ग आहे.

उरलेल्या तीन मुद्द्यांवर फार शाई घालवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला निश्चित कर्करोगकारक ठरवले आणि मटणासारख्या लाल मांसाला संभाव्य. हे खरे आहे, आणि त्या बाबतीत मजकुराला निम्मे गुण द्यायला हरकत नाही. ताज्या मासळीचा मात्र त्या निष्कर्षाशी संबंध नाही. ‘गोव्यात मासे खातात म्हणून मधुमेह सर्वाधिक’ हे त्याचेच पुढचे वाक्य. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते, हे बरोबर. पण त्याच यादीत वरच्या क्रमांकावर चंडीगडही २०.४ टक्क्यांवर बसले आहे, आणि तिथे समुद्र नाही.

दूध विष नाही. अनेक प्रौढांना ते पचत नाही आणि त्यांना दही-ताक चालते, इतकेच. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, तेव्हा हाडांपुरते दुधावाचून भागवता येते. पण शाकाहारी माणसाने दूधही सोडले की बी-१२चा शेवटचा नैसर्गिक आधार सुटतो आणि गोळीला पर्याय राहत नाही. ती गोळी दूध-अंड्यांतून येत नाही. जिवाणू वाढवूनच बनवली जाते.

वरणभाताविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेले प्रमाण पुरेसे आहे : दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तृणधान्ये २५० ग्रॅम, कडधान्ये-डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर. आत्याच्या ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ वरणाची एक पळी असते. कच्ची डाळ मोजून पाहिली, तर एका वेळेला मूठभरही भरली नाही. आता ती एक वेळ मटकी किंवा मुगाची उसळ करते आणि भाताऐवजी ज्वारीची भाकरी घेते.

दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, शिवाय बी-१२ची इंजेक्शने चालू आहेत. डॉक्टरांच्या मते मुंग्या कमी होतील, पण तळव्याची गेलेली जाणीव किती परत येईल हे काही महिन्यांनी कळेल. परवा आत्याने, मजकूर जिच्याकडून आला त्या तिच्या शाळेतल्या जुन्या सहशिक्षिकेला फोन लावला, तेव्हा त्या बाईंनीही रक्तदाबाची आणि साखरेची गोळी नवरात्रापासून बंद ठेवल्याचे समजले. त्यांची रक्ततपासणी शनिवारी आहे. आत्या सोबत जाणार आहे.